करपेवाडी ते आल्टेना : पायी प्रवाशाचा स्वस्त मुक्काम

पाठीवर सामान घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या रात्रीच्या गरजा मोजक्या असतात. कोरडी जागा, पाठ टेकायला पथारी, गरम जेवण, ओले कपडे वाळवायला आडोसा आणि सकाळी बाटलीत भरून घ्यायला पिण्याचे पाणी. खोली स्वतंत्र हवी, खिडकीतून समुद्र दिसावा, उशाशी घंटी असावी, अशी त्याची अपेक्षा नसते. त्यासाठी पैसे मोजायचीही तयारी नसते, कारण प्रवास लांबचा आणि मुक्काम एकेका रात्रीचा. युरोपात या गरजेतून हॉस्टेल नावाची संस्था उभी राहिली. त्याच गरजेतून कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यात वेगळीच व्यवस्था रुजली. तिला पाटी नाही आणि नोंदवहीही नाही, पण दर पावसाळ्यात ती शेकडो माणसांना एका रात्रीपुरते सांभाळते.

शाहूवाडी हे तालुक्याचे नाव, बाजारपेठ मात्र शेजारच्या मलकापूरची. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. कोल्हापूर–रत्नागिरी रस्ता इथूनच आंबा घाटाने कोकणात उतरतो. गजापूर, पावनखिंड आणि विशाळगड याच भागात येतात, आणि प्रयाग चिखलीच्या संगमात पंचगंगेला मिळणारी कासारी नदी याच डोंगरांत उगम पावते. जुलैत इथे पाऊस धरला की दिवसेंदिवस उघडीप मिळत नाही. पायी फिरणाऱ्यांची खरी गर्दी मात्र नेमकी याच महिन्यात होते, कारण तिला इतिहासातली तारीख आहे. १६६० च्या जुलैत, आषाढी पौर्णिमेच्या रात्री, सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा फोडून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले आणि दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे यांनी पाठलागावरची फौज अडवून धरली. त्या वाटेने चालण्यासाठी दरवर्षी १२–१३ जुलैच्या आगेमागे महाराष्ट्रभरातून तुकड्या येतात. कोल्हापूरच्या हिल रायडर्ससारख्या गिर्यारोहण संस्था हा उपक्रम वर्षानुवर्षे चालवत आल्या आहेत.

पन्हाळ्याच्या राजदिंडीतून उतरून तुरुकवाडी, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे, पांढरपाणी असे टप्पे घेत पायवाट पावनखिंडीत पोचते. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, पण भाताची खाचरे, गुडघाभर चिखल, ओढे आणि धुके यांमुळे ते सपाट रस्त्यावरच्या अंतराशी ताडून पाहू नये. महाराजांनी ते एका रात्रीत आणि एका दिवसात कापले. आजच्या तुकड्या दोन दिवस घेतात, म्हणजे मधे एक रात्र काढावीच लागते. ती साधारण निम्म्या वाटेवर, करपेवाडी–आंबेवाडीच्या परिसरात पडते. मुक्कामाचे हे ठिकाण कोणी बैठक घेऊन ठरवलेले नाही. पन्हाळ्याहून सकाळी निघालेला माणूस अंधार पडेपर्यंत तिथवरच पोचतो. जगभरच्या पायवाटांवरील निवारे असेच, एका दिवसाच्या चालीच्या अंतरावर उभे राहिले आहेत.

वाडीत निरोप आधीच गेलेला असतो: किती माणसे, किती ताटे. संध्याकाळी तुकडी येते ती चिखलाने माखलेली. बूट पडवीतच निघतात. पाय दगडावर घासून धुतले की माणसे आत सोप्यात शिरतात. पोटरीला, बोटांच्या बेचक्यात जळवा चिकटल्या आहेत का ते तिथेच पाहून घेतात आणि मिठाची चिमूट टाकून त्या सोडवतात. माजघरात चूल पेटलेली असते. तिच्यावरच्या दांडीला मोजे आणि शर्ट टांगायची परवानगी मिळाली तर ती त्या रात्रीतली सर्वांत मोठी सोय, कारण पावसाळ्यात या भागात धुराशिवाय काहीच वाळत नाही. सकाळी शर्टाला लाकडाच्या धुराचा वास येतो, पण तो कोरडा असतो. जेवायला गरम भाकरी, आमटी, भात, खर्डा. झोपायला सारवलेल्या जमिनीवर ताडपत्री किंवा चटई, घरात जास्तीची असली तर वाकळ, आणि बाकी ज्याची त्याची स्लीपिंग बॅग. पंधरावीस माणसे ओळीने आडवी होतात. पलीकडच्या भिंतीआड गोठा असतो आणि पहाटे जाग यायला गजराची गरज पडत नाही.

घरे पुरली नाहीत तर गावातले मंदिर किंवा जिल्हा परिषदेची शाळा उघडून दिली जाते. शाळेची खोली हा पायी प्रवाशाचा आदर्श निवारा म्हणता येईल: कौले किंवा पत्रा शाबूत, जमीन फरशीची, बाके भिंतीला सरकवली की पथाऱ्यांना जागा मोकळी. फक्त जुलैत शाळा चालू असते. त्यामुळे हा मुक्काम शनिवारच्या रात्रीवर येऊन बसतो, आणि रविवारी निघताना खोली झाडून, फळा पुसून, कचरा पिशवीत भरून बरोबर न्यावा लागतो. सगळ्याच तुकड्या तसे करतात असे मात्र नाही.

पावसात भिजलेली तुकडी आणि शाळेची खोली, या दोन गोष्टींतूनच जर्मनीत हॉस्टेलची कल्पना जन्मली. रिचर्ड शिरमान हा वेस्टफालिया प्रांतातल्या आल्टेना गावचा प्राथमिक शिक्षक. मुलांना चार भिंतींत कोंडण्यापेक्षा डोंगरात चालवत न्यावे, भूगोल तिथेच शिकवावा, अशा मताचा. २६ ऑगस्ट १९०९ रोजी तो विद्यार्थ्यांना घेऊन अनेक दिवसांच्या पायी सहलीवर असताना ब्र्योल नदीच्या खोऱ्यात वादळी पावसाने त्यांना गाठले. अखेर तिथल्या एका शाळेची खोली मिळाली. एका शेतकऱ्याने अंथरायला पेंढा आणि प्यायला दूध विकत दिले. बाहेर रात्रभर विजा कडाडत होत्या. मुले पेंढ्यावर झोपी गेली आणि शिरमान जागा राहिला. सुट्टीत देशभरच्या शाळा रिकाम्या असतात, मग एकेका दिवसाच्या चालीवरची एकेक शाळा भटक्या मुलांसाठी का उघडू नये, असे त्याच्या मनात आले. युरोपातल्या शाळांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात, भटकंतीच्या हंगामातच पडते, त्यामुळे ही कल्पना तिथे लगेच व्यवहार्य ठरली. शाहूवाडीत पायी फिरण्याचा हंगाम आणि शाळेचे सत्र एकमेकांवर येतात, आणि तीच कल्पना तिथे आठवड्याच्या एका रात्रीपलीकडे जात नाही.

शिरमानने सुरुवात आपल्याच शाळेपासून केली. १९१२ मध्ये आल्टेनाच्या डागडुजी केलेल्या किल्ल्यात कायमचे युवा हॉस्टेल सुरू झाले. जगातले पहिले युवा हॉस्टेल ते हेच. जुन्या लाकडी मजल्यांचे पलंग असलेले त्याचे दालन आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे आणि किल्ल्याच्या आवारात प्रवासी अजूनही मुक्कामाला उतरतात. किल्ल्यात सामान्य घरच्या मुलांनी रात्र काढावी, हे त्या काळी थोडे धाडसाचेच होते. पुढच्या वीस वर्षांत ही चळवळ शेजारच्या देशांत पसरली. इंग्लंड–वेल्सची संघटना १९३० ची, आणि १९३२ च्या ऑक्टोबरात आम्स्टरडॅममध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. शिरमान त्याचा पहिला अध्यक्ष. १९३६ मध्ये नाझी राजवटीने त्याला पदावरून दूर व्हायला भाग पाडले, कारण मुलांच्या संघटना नाझींना फक्त स्वतःच्या हातात हव्या होत्या.

स्वस्त निवाऱ्याच्या बाबतीत कोल्हापूरला स्वतःचाही मोठा वारसा आहे, हे इथे सांगायला हवे. शिरमानच्या त्या पावसाळी रात्रीच्या आठ वर्षे आधी, १९०१ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी इतकी बोर्डिंगे निघाली की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हटले जाऊ लागले. हेतू अर्थातच निराळा होता. खेड्यातल्या पोराला शहरात वर्षानुवर्षे राहून शिकता यावे, यासाठी ती सोय होती. पण खर्च आवाक्यात ठेवण्याची रीत दोन्हीकडे सारखीच: खोली एकाची नाही, स्वयंपाकघर सगळ्यांचे, कामे वाटून घ्यायची आणि शिस्त पाळायची.

हॉस्टेल स्वस्त का पडते, याचे उत्तर या रीतीतच आहे. हॉटेलवाला खोली विकतो, हॉस्टेलवाला पलंग. ज्या जागेत हॉटेलची एक दुहेरी खोली बसते तिथे दुमजली पलंग टाकले की सहा ते आठ माणसे झोपतात. न्हाणीघरे आणि संडास सामाईक असल्याने नळ, निचरा आणि साफसफाई या बांधकामातल्या महागड्या गोष्टी वाटल्या जातात. उरलेली बचत पाहुण्याच्या हातून होते. सुरुवातीच्या युवा हॉस्टेलांत तर निघण्यापूर्वी प्रत्येकाला एखादे काम करावेच लागे: झाडलोट, भांडी, सरपण. मोटारीतून येणाऱ्याला कित्येक ठिकाणी प्रवेशच नव्हता, पायी किंवा सायकलने येणाऱ्यासाठीच दार उघडे. रात्री दहाला दिवे बंद, दिवसा इमारत बंद, अंथरायला स्वतःची चादरीची पिशवी आणायची, आणि देखरेखीला मुलांनी आईवडिलांसारखे मानावे असे जोडपे. आज हे सारे कडक वाटते, पण भाडे गरिबालाही परवडेल इतके खाली ठेवणे या नियमांशिवाय शक्य नव्हते.

गेल्या काही दशकांत हे चित्र पालटले. खासगी बॅकपॅकर हॉस्टेले आली, वयाच्या अटी बऱ्याच ठिकाणी गेल्या, कामांची सक्ती संपली. ठिकठिकाणची मुले आणि मुली एकाच दालनात झोपू लागली, मात्र फक्त महिलांसाठीचे दालन बहुतेक ठिकाणी वेगळे मिळते. भारतातही या धर्तीच्या हॉस्टेलांच्या साखळ्या उभ्या राहिल्या आहेत. केंद्र सरकारने बांधलेली जुनी युवा हॉस्टेले त्यांच्या कितीतरी आधीची. पणजीत मिरामारला आणि मराठवाड्यात औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, त्यांत राहिलेले मराठी प्रवासी पुष्कळ आहेत.

परदेशात पहिल्यांदा हॉस्टेलात उतरणाऱ्या मराठी माणसाला काही गोष्टी आधी माहीत असल्या तर त्याची रात्र सुखाची जाते. दालनात पलंग वरचा मिळाला तर शिडीची चढउतार, खालचा मिळाला तर वरच्याची कुरकुर. पडदा, स्वतःचा दिवा आणि उशाशी प्लग या तीन गोष्टी असल्या की दहा जणांच्या दालनातही एकांत मिळतो. नसल्या तर चार जणांची खोलीही जड जाते. लॉकर बहुतेक ठिकाणी असते, पण कुलूप आपले आपल्याला आणावे लागते. टॉवेल भाड्याने मिळतो. चादर दिली जाते आणि ती निघताना काढून ठरलेल्या टोपलीत टाकायची असते. स्वतःची स्लीपिंग बॅग पलंगावर पसरायला पुष्कळ हॉस्टेलांत मनाई असते. कारण ढेकूण: ते प्रवाशांच्या सामानातून एका देशातून दुसऱ्या देशात जातात आणि एकदा दालनात शिरले की घालवायला फार खर्च येतो. म्हणून अनुभवी प्रवासी पोचताच गादीचा कोपरा उचलून शिवणीत काळे ठिपके आहेत का ते पाहतो आणि पिशवी जमिनीवर न ठेवता टांगतो.

सामाईक स्वयंपाकघर ही हॉस्टेलची खरी श्रीमंती. बाहेरच्या दोन जेवणांच्या पैशात तिथे आठवड्याचा शिधा येतो. फ्रिजमध्ये ठेवलेल्या पिशवीवर नाव आणि निघण्याची तारीख लिहायची, कारण नाव नसलेले सगळे ठरावीक दिवशी उचलून फेकले जाते. मसूरडाळ आणि तांदूळ जगात जवळपास कुठेही मिळतात, त्यामुळे खिचडी अडत नाही. अडते ती फोडणी. तेलात मोहरी आणि मिरची तडतडली की छतावरचा धूर ओळखणारा भोंगा वाजतो, सगळी इमारत रस्त्यावर उतरते आणि काही देशांत अग्निशमन दल विनाकारण आल्याचा भुर्दंडही बसतो. खिडकी उघडून, मंद आचेवर, झाकण ठेवून फोडणी करणे हे तिथले शहाणपण.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो आणि हॉस्टेलचे स्वतःच्या नावावरचे आरक्षण त्यासाठी चालते. युरोपातल्या अनेक शहरांत भाड्याखेरीज दर रात्रीचा पर्यटन कर तिथे पोचल्यावर भरावा लागतो. स्वागतकक्ष रात्रभर उघडा असतो की दाराचा सांकेतिक क्रमांक आधी मागवून ठेवावा लागतो, हे उशिराच्या विमानाने येणाऱ्याने विचारून घ्यावे. स्वस्त म्हणून गावाबाहेरचे हॉस्टेल घेतले तर वाचलेले पैसे बसच्या तिकिटांत जातात.

शाहूवाडीतल्या घरांशी अधिक जवळचे नाते आहे ते मात्र शहरी हॉस्टेलांचे नाही, डोंगरातल्या आणि यात्रेच्या वाटांवरच्या निवाऱ्यांचे. नेपाळमध्ये अन्नपूर्णा किंवा एव्हरेस्टच्या वाटेवर चहाघरांत खोलीचे भाडे नाममात्र असते. अट एवढीच की जेवण तिथेच घ्यायचे, आणि मालकाची कमाई त्या जेवणातून होते. करपेवाडीतही हिशेब ताटावर होतो, पथारीवर नाही. स्वित्झर्लंडच्या अल्पाइन क्लबने १८६३ मध्ये पहिली झोपडी बांधली, तेव्हापासून आल्प्समध्ये अशा निवाऱ्यांची साखळीच तयार झाली आहे. ओले बूट ठेवायला तिथे वेगळी जागा असते आणि आत वावरायला सपाता मिळतात. स्पेनमध्ये सांतियागोला जाणाऱ्या प्राचीन यात्रामार्गावर तर यात्रेकरूला एक पुस्तिका मिळते. प्रत्येक मुक्कामी तिच्यावर शिक्का बसतो आणि ती दाखवल्याशिवाय यात्रेकरूंसाठीच्या स्वस्त निवाऱ्यात पलंग मिळत नाही. तिथे सहसा एकच रात्र राहायचे, रात्री दहाला दिवे बंद, सकाळी आठच्या सुमाराला बाहेर. पुष्कळशा नगरपालिकेच्या निवाऱ्यांत आगाऊ नोंदणी नसते, आधी पोचेल त्याचा पलंग. शेवटचे किमान शंभर किलोमीटर पायी चालल्याचे शिक्क्यांवरून सिद्ध झाले तरच यात्रा पूर्ण केल्याचा दाखला मिळतो.

पन्हाळा–विशाळगड वाटेला यातले काय घेता येईल, हा प्रश्न योग्य आहे. माणसे आणि आतिथ्य आहे, जेवण उत्तम आहे. उणीव आहे ती जुलैच्या दोन आठवड्यांत एकदम येणाऱ्या गर्दीला पुरतील इतक्या संडासांची, वाळवण्याच्या जागेची, आणि कोणत्या घरी किती माणसे मावतात याच्या साध्या यादीची. यादी नसल्याने ओळखीच्या दोन घरांवर पन्नास माणसे उतरतात आणि शेजारची वाडी रिकामी राहते. सामान टेम्पोने पुढे पाठवणाऱ्या मोठ्या तुकड्या स्वतःचा आचारीही आणतात, तेव्हा गावाच्या वाट्याला फक्त चिखल आणि प्लॅस्टिक येते. दोन दिवसांचे जेवण वाटेवरच्या घरांतच घ्यायचे, एवढा नियम संस्थांनी स्वतःहून पाळला तरी नेपाळच्या चहाघरांचे गणित इथे जुळू शकेल. घरमालकांसाठी राज्याच्या पर्यटन विभागाची न्याहारी–निवास योजना आहे आणि २०२० पासून कृषी पर्यटनाचे धोरणही आहे. आंबा परिसरात खासगी निवासांची वाढ झाली, ती मुख्यतः गाडीने येणाऱ्या पाहुण्यांसाठी. पायवाटेवरच्या वाड्या अजून या व्यवस्थेच्या बाहेरच आहेत.

वाटेच्या शेवटच्या टोकाला मुक्कामाचा भरवसा धरू नये. २०२४ च्या जुलैत विशाळगडावरची अतिक्रमणे हटवायला प्रशासनाने सुरुवात केली. त्याआधी गडावर भाविकांसाठी ज्या खोल्या मिळत, त्या गृहीत धरून बेत आखणे आता धोक्याचे. त्यामुळे बहुतेक तुकड्या पावनखिंडीत मोहीम संपवून वाहनाने परततात किंवा दिवसाउजेडी गड पाहून खाली येतात. परदेशी पाहुणा बरोबर असेल तर यजमानाला त्याच्या मुक्कामाची नोंद चोवीस तासांत परदेशी नागरिकांच्या नोंदणी यंत्रणेकडे ऑनलाइन कळवावी लागते, घर वाडीतले असले तरी. त्यासाठी लागणारी पासपोर्ट आणि व्हिसाची छायाप्रत निघण्यापूर्वीच काढून न्यावी. पुढे वाटेवर ना झेरॉक्सचे दुकान लागते, ना नेटवर्कची खात्री असते.